आपली क्वार्टर्स आणि इनामदारकाका

इनामदारकाका मंगळवारी गेले.
मला शनिवारी कळलं.

विश्रांतवाडीत त्यांच्या घरापासून मी दोन स्टॉपवर राहते. फोन दिवसभर हातात असतो. तरी चार दिवस.

काका आणि माझे बाबा खडकीच्या फॅक्टरीत एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच विभागात होते. क्वार्टर्समध्ये आमची दारं समोरासमोर. रिटायरमेंटनंतर क्वार्टर्स सुटली आणि माणसंही. कोणी कर्वेनगरला, कोणी नागपूरला, कोणी पार कॅनडात.

त्या सगळ्यांना काकांनी एकेक करून शोधून काढलं.

सत्तरीत फेसबुक शिकले. अनोळखी बायकांना मेसेज टाकायचे, "आपण वाघमाऱ्यांची धाकटी का? नसल्यास क्षमस्व."

अशी दीडशे माणसं जमली. 'आपली क्वार्टर्स' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. मला ॲडमिन केलं.
"मृणाल, टेक्निकल तू बघ. शुद्धलेखन मी बघतो."

आणि बघायचेच! कोणी 'हार्दीक शुभेच्छा' टाकल्या की खाली काका हजर. "दि ऱ्हस्व. शुभेच्छा पोचल्या."

कोविडमध्ये बाबांचा ऑक्सिजन उतरला. सिलिंडर कुठेच मिळेना. मी ग्रुपवर कसंबसं टाइप केलं. काकांनी तासभर एकेकाला फोन लावले. नाइकांची वैशाली, जिच्याशी माझं वीस वर्षांत बोलणं नव्हतं, तिच्या ओळखीने पिंपरीत सिलिंडर मिळाला.

तो आणायला काका स्वतः गेले. डबल मास्क लावून, रिक्षात, सिलिंडर दोन्ही हातांनी धरून.

बाबा वाचले. त्या दिवशी मला वाटलं होतं, इंटरनेट यासाठीच असतं.

पुढे काकांच्या लेकीने, शाहीनने, घरी केक करायला सुरुवात केली. ऑर्डरी सगळ्या ग्रुपवरूनच. प्रत्येक वाढदिवसाला तिचा केक, केकचा फोटो, खाली हार्ट्स.

मग एका दुपारी एकाने व्हिडिओ फॉरवर्ड केला. (नाव घेत नाही. तो हे वाचतोय.)

कुठल्यातरी गावातली, कुठल्यातरी वर्षातली एक बेकरी. खाली लिहिलं होतं, 'यांच्या हातचं' काही खाऊ नका.

इनामदार आडनाव आपल्याकडे हिंदूंमध्येही असतं आणि मुसलमानांमध्येही. काका कोणते, हे जुन्यांना ठाऊक होतं. पण ग्रुपात आता जावई, सुना, मुलंही आली होती. त्यांतल्याच एका जावयाने काकांना टॅग केलं, "इनामदारकाका, तुम्ही सीनियर. तुम्हीच सांगा सगळ्यांना, या लोकांपासून सावध राहा म्हणून."

काकांचं उत्तर आलं.

"मी या लोकांपैकीच. युसुफ इनामदार. गेल्या महिन्यात आपण खाल्लेला केक माझ्या मुलीने केला होता. तब्येत बरी असावी."

बास. एवढंच.

सगळ्यांनी वाचलं.  दहा मिनिटांनी कोणीतरी सूर्यफुलांचा फोटो टाकला, आणि सुटल्यासारखे सगळे त्याच्याखाली 'वा, सुंदर' लिहीत बसले.

मी टाइप केलं होतं. 'हा व्हिडिओ काढून टाका. काका, माफ करा.'
आणि डिलीट केलं.
उगाच वाद होतील, ग्रुप तुटेल, असं वाटलं. ॲडमिन ना मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ग्रुप सोडून गेले. भांडण नाही, निरोपाचा मेसेज नाही.

शाहीनच्या ऑर्डरी थांबल्या. त्यात माझीही एक होती. हे लिहायला जड जातंय, पण लिहिते. माझ्या लेकीचा वाढदिवस होता, पाहुणे येणार होते. घरात कोणीतरी म्हणालं, कशाला उगाच. मी फोन केला.

"शाहीन, यावेळी बाहेर करतोय गं."
"बरं, ताई."

तिला कळलं होतं. मला कळलं होतं की तिला कळलंय.

त्यानंतर काका एकदाच भेटले, भाजी घेताना. बाबांची चौकशी केली. मग म्हणाले,
"ग्रुप चाललाय ना?"
"चाललाय, काका."
"छान. शुद्धलेखन बघ."

आणि कोथिंबीर निवडू लागले. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं.

शनिवारी शाहीनच्या स्टेटसला काकांचा फोटो दिसला. खाली तारीख. मी फोन लावला.

"कळवलं का नाहीस गं?"
"कोणाला कळवू, ताई? अब्बांच्या डायरीत सगळ्यांचे नंबर होते. पण आता कोणाला आमचा फोन आलेला चालेल, कोणाला नाही, मला काय माहीत?"



बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना घेऊन निघाले आणि रिक्षात सगळं सांगितलं. व्हिडिओ, काकांचं उत्तर, माझं गप्प बसणं, केक. बाबांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

काकांच्या घरी ते शाहीनसमोर बसले.  मग तिचा हात धरला आणि म्हणाले,
"पोरी, मला खांदा द्यायचा होता गं."

आणि रडायला लागले. आई गेली तेव्हाही बाबा असे रडले नव्हते.

काल मी ग्रुपवर काका गेल्याचं टाकलं. तो व्हिडिओ ज्याने पाठवला होता, त्याच्याकडून श्रद्धांजलीचा तयार फोटो मिनिटाच्या आत आला, दिवा आणि फुलं. मग तेव्हा डिलीट केलेलं सगळं मी तिथे लिहिलं. शाहीनच्या केकसकट.

अकरा जण ग्रुप सोडून गेले. एक म्हणाली, "ताई, आज तरी नको हा विषय." वैशालीचा फोन आला, ती नुसतीच रडली.

तुटू नये म्हणून जे जपलं, त्यात आपलं म्हणावं असं फार काही उरलेलं नव्हतं.

काका, माफी मागायला मी तुमच्या दारात आले तेव्हा तुम्ही नव्हतात.
बाबांचा तुम्हाला नमस्कार.

या, काका.