नानांचं भिंग

नाना कॉम्प्युटरच्या स्क्रीनला भिंग लावून काम करत. पितळी कडीचं, लाकडी मुठीचं जाड भिंग. डाव्या हातात भिंग, उजव्या हातात माऊस आणि मान इतकी पुढे काढलेली की मागून पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस स्क्रीनच्या आत पडलेलं काहीतरी शोधतोय.

"नाना, हात बघताय का कॉम्प्युटरचा?" पलीकडच्या टेबलावरचे पाटील विचारत.

"हो ना. आयुष्यरेषा बारीक आहे बिचाऱ्याची. तुझी विचारू का त्याला?"

जळगावातलं आमचं ऑफिस ठिबक सिंचनाचे आराखडे करून देतं. शेताचा नकाशा घ्यायचा आणि त्यावर पाइप कुठून न्यायचा, नळ्या किती अंतरावर टाकायच्या, ते काढायचं. नाना हे काम वीसेक वर्षं करत होते. शेतकऱ्याने गावाचं नाव सांगितलं की ते मापं बघण्याआधीच विचारत, "नाल्याच्या अंगाला आहे का? मग उतार उत्तरेला असणार." उतार उत्तरेलाच निघे.

मी तिथे इंग्रजी पत्रव्यवहारासाठी लागले होते. विचारलं तेवढंच बोलायचं, ही माझी शाळेपासूनची सवय. नानांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'कॉन्व्हेंट' ठेवलं. शेतकऱ्यांना जाणारी मराठी पत्रंही माझ्याकडेच आली; ती ते तपासत आणि कागद परत देताना म्हणत, "लिहितेस बरं. पण बोलत जा गं कॉन्व्हेंट. बोलल्याने दात पडत नाहीत." मी हसायचे. त्यावरही काही बोलायचे नाही.

भिंग आलं ते दिवाळीनंतर. साहेबांनी सगळ्यांना नवे मोठे स्क्रीन घेतले. चित्र इतकं स्वच्छ की पानावरची शीर दिसावी. सगळे खूश झाले. पण जुने नकाशे ज्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होते, ते फक्त नाना वापरत, आणि ते त्या स्क्रीनवर पार आक्रसून गेलं. मेनूतली अक्षरं राईएवढी, बटणं तिळाएवढी. नानांनी आधी खुर्ची पुढे ओढली, मग चष्मा बदलला, मग भिंग आणलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळे उत्तम आहेत. नाना म्हणाले, "डॉक्टर धीर देतोय. तोंडावर कोण सांगेल?"

त्या सॉफ्टवेअरमध्ये पिकांची बटणं ओळीने होती. केळीच्या शेजारी कपाशी. एके दिवशी चोपड्याकडचे एक शेतकरी आराखड्याची गुंडाळी घेऊन आत आले आणि ती नानांच्या टेबलावर पसरून हसायलाच लागले. "नाना, मी केयी लाई शे, तुम्ही कपाशी काढी दिधी!" नानाही हसले. दारात उभे असलेले साहेब हसले नाहीत. त्या महिन्यातली ती दुसरी चूक होती.

शेतकरी गेल्यावर साहेबांनी मला हाक मारली आणि नानांच्या खुर्चीत बसवलं. "वाच बरं हा मेनू."

मी वाकले. नाक जवळजवळ काचेला टेकलं. अर्धं वाचलं, अर्धं इंग्रजी शब्द माहीत असल्यामुळे ओळखलं.

"दिसतं का?"

"दिसतं, सर."

मी एवढंच बोलले. नाना माझ्याकडे बघत होते. त्यांनी हातातलं भिंग हळूच टेबलावर ठेवलं, झोपलेल्या माणसाजवळ भांडं ठेवावं तसं.

आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी पेढा खाताना पाटलांनाही चेष्टा सुचली नाही. भिंग नानांनी माझ्या हातात दिलं. "तुझे डोळे तरुण आहेत, पण असू दे." आणि ते नरडाण्याला, आपल्या गावी गेले.

नवा माणूस मिळेपर्यंत त्यांचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी डोकं दुखलं. तिसऱ्या दिवशी मीही नानांचं भिंग हातात घेतलं. चौथ्या दिवशी मात्र वैतागून इंटरनेटवर शोधलं, तर जगभर लोक हीच तक्रार करत होते. उपायही तिथेच लिहिलेला होता. मी त्या सॉफ्टवेअरच्या चिन्हावर उजवं क्लिक केलं, एका चौकटीत बरोबरची खूण केली आणि ते बंद करून पुन्हा उघडलं. अक्षरं तव्यावरच्या पोळीसारखी फुगून वर आली. केळी. कपाशी. खुर्चीत मागे टेकूनही वाचता येत होतं.

मी माऊसवरचा हात काढून घेतला. एक खूण. वीस वर्षं काम केलेला माणूस नोकरी सोडून गेला आणि हवी होती फक्त एक खूण.

रविवारी मी नरडाण्याला गेले. गल्लीच्या पार टोकाहून ओट्यावरून आवाज आला, "कॉन्व्हेंट! चपलेचा अंगठा तुटलाय का? लंगडतेस." अंगठा खरंच तुटला होता.

मला बसवून ते पाणी आणायला आत गेले. डोळे मिटलेले, एक हात भिंतीला, ओठांत काहीतरी पुटपुटत. मला वाटलं, चक्कर आली. मी उठलेच. नानांच्या बायकोने, काकूंनी, मला खाली बसवलं. "रोजनं शे हाई. म्हनतस, दिखनं बंद व्हई तव्हय घर पाठ पाहिजे." मोटारसायकलही त्यांनी पुतण्याला देऊन टाकली होती.

नाना आंधळेपणाची तयारी करत होते. नाना पाणी घेऊन आले. तांब्या तसाच हातात धरून मी सगळं सांगितलं. सॉफ्टवेअर, खूण, फुगलेली अक्षरं. आणि काचेला टेकलेलं नाक.

नाना ओट्यावर टेकले. मग म्हणाले, "डॉक्टर खरं बोलत होता म्हणजे."

"हो."

"आणि तू?"

"मी अर्धंच बोलले, नाना."

त्यांनी रागावायला हवं होतं. ज्या बोलीत ते माझ्याशी कधीच बोलत नसत, त्या बोलीत ते जणू स्वतःशीच म्हणाले, "माले वाटनं, पोरीले दिखस, माले दिखत नही. संपनं."

निघताना ते गल्लीच्या टोकापर्यंत आले. "साहेबांनाही सांग," म्हणाले. "पण अख्खं सांग."

सोमवारी मी पहिल्यांदाच, न बोलावता, साहेबांच्या केबिनमध्ये गेले. उभ्या उभ्याच अख्खं सांगितलं. साहेबांनी तिथूनच नानांना फोन लावला. नाना परत आले नाहीत. आता इथलंच शेत बघतो, म्हणाले.

पुतण्याकडून मोटारसायकल मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी मागून घेतली.