मागे न जाणारा निळा

आमच्या शेजारच्या चित्रकाराला सगळी इमारत रंगोबा म्हणते. तोंडावर कोणी म्हणत नाही, मी सोडून. दिवसा तो बिल्डरच्या कचेरीत घरांचे नकाशे काढतो. तिथे दार म्हणजे दार आणि मोरी म्हणजे मोरी. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतो, आतल्या खोलीत शिरतो आणि ज्यात दार नाही, मोरी नाही, ओळखीचं काही म्हणून नाही, अशी चित्रं काढतो. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, म्हणते, "कचेरीत लोकांना खोल्या वाटतात आणि घरातली एक अडवून बसतात."

घरातला तंटा या खोलीवरूनच. वहिनीचा धाकटा भाऊ बदली होऊन इथे आला, जागा मिळेपर्यंत म्हणून त्यांच्याकडे उतरला आणि बाहेरच्या कोचावर झोपू लागला. जागा काही मिळेना. माणूस लांब, कोच आखूड. सकाळी दार उघडलं की आधी त्याचे पाय भेटायचे, मग घरचे. शेवटी वहिनीनं विषय काढलाच. रंगोबा म्हणाला, "भिंतीवरचं मोठं चित्र झालं की खोली त्याची." हा शब्द मी स्वतः ऐकला. मी तेव्हा त्यांच्याकडे कात्री मागायला गेले होते. कात्री माझ्याकडेही होती, पण ते असो.

तेव्हापासून चित्र काही होईना.

"मुद्दाम तर रेंगाळत नाही ना हो?" मी विचारलं.

"निळा मागे जात नाही," तो म्हणाला.

"मग येऊ द्या की बिचाऱ्याला पुढे."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कचेरीच्या नकाशात मोरी दिवाणखान्यात काढली.

त्याचं म्हणणं साधं आहे. कॅनव्हास पाटासारखा सपाट असतो, पण बघणाऱ्याला आत शिरायला वाट मिळाली पाहिजे. काही आकार पुढे, काही मागे, मधे मोकळं अंतर. त्यासाठी तो ब्रश उचलायच्या आधी रंगीत कागदाचे तुकडे कापतो, टाचण्यांनी कॅनव्हासवर लावतो, इकडचा तिकडे सरकवतो. डोळे बारीक करून बघतो. मग चित्राकडे पाठ करून हातआरशातून बघतो. दाढी करायचा आरसा त्यासाठीच बाद झालाय.

"तांबडा पुढे येतो, निळा मागे जातो, असं शिकवतात," तो म्हणाला. "पण रंग एकटा काहीच करत नाही. शेजारी कोण आहे, त्यावर सगळं असतं."

"ते मला सांगताय?"

माझं काम परीक्षकाचं. तो हाक मारतो, मी जाते, तो विचारतो, "काही दिसतं?" मला एखादी वस्तू दिसली की तो आकार तो मोडून टाकतो. वस्तू दिसली की माणूस तिचं नाव घेतो आणि बघायचं थांबतो, असं त्याचं मत. मला किटली दिसली, त्यानं किटली मोडली. टोपी दिसली, टोपी गेली. एकदा म्हटलं, "हा तुमच्या मेहुण्याचा पाय." बराच वेळ बघत राहिला आणि तोही पुसला.

निळा मात्र हटेना. त्याची कड मऊ केली, रंग गडद केला, आकार लहान केला. तरी रांग मोडून घुसणाऱ्या माणसासारखा तो आपला पुढेच. कोचावरून मेहुणा म्हणायचा, "ताई, भावोजी त्याला मागे नेईपर्यंत मी निवृत्त होईन."

आता या मेहुण्याला ओला टॉवेल कुठेही टाकायची खोड. त्याचं आणि रंगोबाचं भांडण व्हायचं ते तेवढ्यावरून. एका सुट्टीच्या सकाळी त्यानं अंघोळीआधीच टॉवेल सरळ त्या चित्राच्या उजव्या कोपऱ्यावर लटकवला. विटक्या नारिंगी रंगाचा, कडेला दोरे निघालेला. थोड्या वेळानं मला हाक आली.

"काही दिसतं?"

"टॉवेल दिसतो."

"टॉवेलकडे नका बघू. डावीकडे बघा."

मी बघितलं. निळा मागे गेला होता. खरंच गेला होता. चित्रात हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल, असं वाटलं.

"आता?" मी विचारलं.

"आता झालं," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा पडला. त्यानं खोलीभर नजर फिरवली. डबे, टाचण्या, रंगांनी बरबटलेली फरशी.

"टॉवेल उचला, चित्र पुन्हा अपुरं," मी हळूच म्हटलं. "कोणाला कळतंय? मी काही बोलायची नाही."

"तुम्ही?" तो म्हणाला.

तेवढ्यात मेहुणा आत आला. "भावोजी, माझा टॉवेल."

"हात लावू नकोस."

"अंघोळीला जायचंय मला."

"माझा घे आज."

मेहुणा दारातच थबकला. या घरात असलं औदार्य त्यानं पाहिलं नव्हतं. रंगोबानं टॉवेलशेजारी ताटली धरून नारिंगी कालवला आणि कॅनव्हासच्या उजव्या कडेला उभा पट्टा ओढला. घड्या नाहीत, दोरे नाहीत; उगाच कोणाला टॉवेल दिसायला नको. मग टॉवेल काढला. निळा जागचा हलला नाही.

बाहेर येऊन तो वहिनीला म्हणाला, "झालं. खोली रिकामी करतो."

इतके दिवस हेच मागणारी वहिनी म्हणाली, "आजच कशाला? आधी चहा घ्या."

आवरताना मात्र घोळ झाला. चित्र दारातून बाहेर येईना. उभं धरलं, आडवं धरलं, तिरकं केलं. चौकट त्यानं खोलीतच ठोकली होती. दिवसभर लोकांच्या दारांची मापं काढणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरातलं दार कधी मोजलंच नव्हतं. वहिनी हसली नाही. तेवढी पोच तिला आहे. मी हसले.

मेहुणा म्हणाला, "राहू दे इथेच. याच्यामुळे भिंत अंगावर येत नाही."

आता खोली त्याची. रंगोबा बाहेर कोचावर बसून मांडीवर मावतील एवढीच चित्रं काढतो. मेहुणा रोज टॉवेल त्या चित्रावरच टाकतो. दोन नारिंगी झाले की निळा पुन्हा पुढे येतो, असं रंगोबाचं म्हणणं. त्यामुळे संध्याकाळी त्याला टॉवेल काढायला आत जावंच लागतं. एक टॉवेल काढायला माणसाला किती वेळ लागावा? चहा गार होतो.

परवा जिन्यात मेहुण्याला गाठून म्हटलं, "अरे, टॉवेल टाकायला तुला दुसरी जागा नाही का?"

"बाल्कनीत दोरी आहे की," तो म्हणाला. "पण मग भावोजी कशाच्या निमित्तानं आत येणार?"