टुंऽऽ की हॉर्न?

शेंद्र्याला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट आमच्यातल्या सगळ्यात जुन्या कामगाराची असायची. प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनजवळ, वर्षानुवर्षं उभं राहून डावा कान गेलेला, तरी गाण्यावर वाद सुरू झाला की पहिलं बोट त्यांचंच वर.

ड्रायव्हर रोज सकाळी एकच मराठी रॉक गाणं लावायचा. त्यातलं ‘कर माफ’ त्यांना ‘करमाड’ ऐकू यायचं, कारण त्यांचं गाव करमाड. कडव्याच्या शेवटचा शब्द मात्र टुंऽऽ आवाजानं झाकलेला होता. तिथं आई-बहिणीची शिवी आहे, असं अर्धी बस म्हणायची. उरलेल्यांच्या मते पुढाऱ्याचं नाव.

“ऐका मियाँ, तिथं शब्दच नाय. हॉर्न हाय हॉर्न. व्हय का नाय?” ते बोट वर करून विचारायचे.

“नाय!” सगळी बस ओरडायची.

एकदा स्टोअरमधल्या एकानं न झाकलेलं गाणं मोबाईलवर आणून ऐकवलं. शिवी नव्हती. जातीवरून हाक मारायचा जुना शब्द होता. गायकानं तो चिडून, हाक मारणाऱ्यांच्याच तोंडावर फेकला होता.

“मला माहीत व्हता,” ते म्हणाले. “आमच्या बापाला गावात ह्याच नावानं बोलवायचे. पण गाणं लई भारी हाय, त्यात तो शब्द नको वाटला, म्हणून म्हटलं, हॉर्न.”

दुसऱ्या दिवशी तेच गाणं लागलं. ती जागा आली, तेव्हा समोर रस्ता मोकळा असताना ड्रायव्हरनं बसचा हॉर्न जोरात दाबला.

त्यांनी बोट वर केलं. “व्हय का नाय?”

“व्हय,” आम्ही म्हणालो.