कपाळावरची आयशॅडो

गेल्या शुक्रवारी, आमच्या इंदूरच्या घरी, चार-पाच बायकांच्या कपाळाला आयशॅडो लागली. कपाळाला... बरोबर वाचलंत.

त्याचं असं झालं. मी पलासियाला ज्या कोचिंग क्लासमध्ये शिकवते, तिथल्या मैत्रिणींनी वाढदिवसाला मला एक भारीतली आयशॅडो पॅलेट दिली. सगळ्या वॉर्म शेड्स... मोहरी, विटकरी, गडद लाल आणि मध्ये एक चमचमता कॉपर. मी आजवर काजळाच्या पुढे गेलेले नाही, त्यामुळे तो डबा उघडायचीही जरा धास्तीच वाटत होती.

शुक्रवारी आमच्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. म्हटलं, आज ट्राय करूच. खिडकीशी उजेड चांगला म्हणून बाहेरच्या खोलीतच आरसा घेऊन बसले.

विटकरी शेड ब्रशने नुसती टेकवली आणि काय सांगू... गालावर पावडर सांडली नाही, की रंग ठिपक्या-ठिपक्यांनी बसला नाही. दोनदा ब्रश फिरवला की कडा आपोआप विरतात. पापणीच्या मध्यावर बोटाने कॉपर लावला आणि माझा उजवा डोळा चक्क दुसऱ्याच कोणाचा तरी वाटायला लागला!

डावा करणार, तेवढ्यात आईने पन्हं गाळायला हाक मारली. पॅलेट तशीच टीपॉयवर उघडी टाकून मी स्वयंपाकघरात पळाले.

आत आत्या डाळ कालवत होती. मला बघून म्हणाली, "एक डोळा माहेरी आणि एक सासरी का गं?"

ही माझी मोठी आत्या इंदूरजवळच्या राऊ गावात एकटी राहते. आतोबा गेल्यापासून दर चैत्रात ती सकाळच्या बसने येते, आमच्यासाठी आंब्याची डाळ करते, आणि बायका यायला लागल्या की दार अर्धं लोटून आतच बसते. तिने बाहेर बसावं म्हणून मी दर वर्षी आईशी भांडते, मोठमोठे शब्द वापरून. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे माझं भाषण सगळे पूर्ण ऐकून घेतात... आणि मग करायचं तेच करतात.

यंदा सकाळी मी थेट आत्यालाच म्हटलं होतं, आज तू बाहेर बस. तर म्हणाली, "कुंकवाचं ताट घेऊन येतील, माझ्यापाशी अडखळतील आणि पुढे जातील. मला ते बघायचं नाही गं."

तर... मी पन्हं गाळत होते तोवर बाहेर बायका जमल्या. आई सगळ्यांना बसवत होती, म्हणून वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कुंकू लावायचं काम अंगावर घेतलं. चष्मा त्या घरीच विसरलेल्या. समोर टीपॉयवर उघडा डबा, त्यात एक पिवळं, एक लाल...

मी पन्ह्याचे ग्लास घेऊन बाहेर आले, तर काकू खुशीत आईला सांगत होत्या, "वहिनी, कुंकू एकदम मुलायम है हं! हे आपल्या सियागंज बाजारातलं नाही वाटत."

हळदीच्या जागी मोहरी शेड, कुंकवाच्या जागी गडद लाल. सगळ्यांची कपाळं एकदम मॅट फिनिश!

"काकू, ती आयशॅडो आहे!" मी ओरडलेच.

आईचा चेहरा पडला. मग समोरच्या घरातल्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे डोळ्यांचं कपाळाला लावलं? अरे देवा, आता तिसरा डोळा उघडतो की काय!" आणि अशी हसाहशी झाली की माझ्या हातातलं पन्हं हिंदकळलं.

त्या आवाजाने स्वयंपाकघराचं दार उघडलं. आत्या उंबऱ्यात उभी.

"म्हणजे ते कुंकू नव्हतंच?"

"नाही गं, नुसता रंग आहे."

"मग मला काय अडचण आहे? लाव की."

आणि ती चालत येऊन खुर्चीत बसली. सगळ्या बायकांच्या मधोमध. मी गडबडीत बोट तिच्या कपाळाकडे नेलं, तर तिने माझा हात धरला. "कपाळाला कशाला? डोळ्यांचं आहे ना? डोळ्यांना लाव."

शेडही तिनेच निवडली... कॉपर. तिच्या पापण्या इतक्या नाजूक झाल्यात की ब्रश ठेवून मी बोटानेच रंग टेकवला. ती डोळे मिटून निवांत. काकूंनी आरसा धरला. आत्याने मान इकडे वळवली, तिकडे वळवली आणि म्हणाली, "ठीक है. पण या पोरीचा अजून एकच डोळा झालाय, तिचं बघा कोणीतरी आधी!"

मग काय, लाइनच लागली. मावशींना "हलकंसं, दिसू नये असं" हवं होतं. काकूंना सगळ्या शेड्स एकदम.

आईने देवीसमोरचा कुंकवाचा करंडा उचलला आणि टीपॉयवर ठेवला. "घ्या गं, आपापलं लावून घ्या," म्हणाली. ताट घेऊन कोणी कोणाच्या पुढे गेलंच नाही. मग डाळीची वाटी आत्याच्या हातात देऊन आई एवढंच म्हणाली, "वन्सं, इथेच खा."

आत्या शेवटची बाई जाईपर्यंत जागची हलली नाही.

संध्याकाळी तिला बसपर्यंत सोडायला निघाले, तेव्हा विचारलं, "पुसून देऊ का?" तर म्हणाली, "राहू दे. घरी बघायला कोण आहे? रस्त्यात तर लोक असतात ना!"

आत्या, तू फेसबुकवर नाहीस, पण कोणीतरी तुला हे दाखवेलच. हसण्याच्या गडबडीत त्या दिवशी सांगायचं राहून गेलं... तू बाहेर आलीस, थँक्यू.