सहा वाजता सुरू होतं

दुपारचं जेवण झालंय. फ्रान्समध्ये, नांत गावातल्या लेकीच्या घरी मी सोफ्यावर आडवा झालोय. डोळे मिटतात, पुन्हा उघडतात. वृंदा कामावर गेलीय.

सकाळी शेजारच्या ओदिलबाई आल्या होत्या. शशिकलाची, माझ्या बायकोची, इथली एकुलती एक मैत्रीण. फ्रेंचमध्ये काहीतरी विचारून त्यांनी मनगटावर बोट ठेवलं. शशिकलाला जाऊन आज वर्ष झालं, संध्याकाळी तिच्या आठवणीसाठी चार माणसं घरी जमणार आहेत. ते किती वाजता, एवढंच त्यांना हवं होतं. मी नुसता हसलो. बोटं दाखवून सांगता आलं असतं. पण तिच्या दिवसाचं आमंत्रण असं मुक्यानं कसं द्यायचं? त्या जराशा थांबल्या आणि परत गेल्या. या देशात माझ्या वतीनं कायम शशिकलाच बोलायची.

सांगून यावं म्हणून मी उठतो, दार उघडतो. बाहेर जिना नाही. इचलकरंजीचा एसटी स्टँड आहे. लख्ख ऊन, पण एकही गाडी नाही, माणूस नाही. चौकशीच्या खिडकीमागे शशिकला बसलीय, इथल्या थंडीतलं निळं स्वेटर घालून.

“कुठं निघालाय?” ती विचारते.

“शेजारी. कार्यक्रम किती वाजता सुरू होतो ते सांगायचंय. फ्रेंचमध्ये.”

ती हसते. “किती वेळा म्हटलं, चला माझ्याबरोबर वर्गाला.”

“तू होतीस की.”

ती स्वेटरची बाही सारखी करते. मग म्हणते, “किती वाजता आहे?”

“सहा.”

“मग म्हणा, सा कोमाँस आ सीझर.”

“सहाला सीस म्हणतात ना? तूच म्हणायचीस.”

“एकटा असला की सीस. पुढं ‘अर’ आला, म्हणजे ‘वाजता’ आलं, की सीझ. जोडीला कुणी असलं की आवाज मऊ होतो, अहो.”

खिडकी आता नाही. आम्ही आमच्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसलोय आणि डोक्यावर स्टँडचे पत्रे आहेत.

“सीजर,” मी म्हणतो.

“ओठ गोल करा. गोल!” ती हात पुढे करते आणि लहान पोराचे धरावेत तसे माझे गाल चिमटीत दाबून धरते. हात गरम आहे. वर्षभरात माझ्या चेहऱ्याला कुणी हात लावलेला नाही.

“सीझर.”

“आता आलं.” ती हात काढत नाही. “कार्यक्रम कसला आहे?”

“घरगुती.”

“कोण कोण येणार?”

“ओदिलबाई. तुझ्या वर्गातल्या दोघी. वृंदा तर आहेच.”

“आणि मला नाही बोलावलं?”

पत्र्यांवरून एक कबूतर चालत जातं. त्याच्या नखांचा आवाज मला ऐकू येतो.

“ये ना,” मी म्हणतो. “सहा वाजता ये.”

“मराठीत नको. जसं शिकवलं तसं सांगा.”

“सा कोमाँस आ सीझर.”

ती मान डोलावते. आपल्याला यायला जमणार नाही हे ठाऊक असलेलं माणूस यजमानाचं मन राखायला डोलावतं, तशी.

जाग येते तेव्हा ऊन सोफ्यावरून भिंतीवर गेलंय. शब्द निसटायच्या आत पोचायला हवं. चपला न घालताच मी जाऊन ओदिलबाईंचं दार वाजवतो.

“शशिकला,” मी म्हणतो. पुढचं क्षणभर येत नाही. मग येतं. “सा कोमाँस आ सीझर.”

“आ सीझर,” त्या सावकाश म्हणतात. डोळे भरून येतात त्यांचे. मग माझ्याकडे बघता बघता कपाळाला आठी पडते. त्या स्वतःच्या गालावर बोट टेकवतात, हे काय झालं म्हणून.

मी चाचपून बघतो. एका गालावर अंगठ्याएवढा खळगा आहे, दुसऱ्यावर बोटांचे. अजून भरून आलेले नाहीत.