कमरेचं रिव्हॉल्व्हर आणि उसातलं वाघरू

आमच्या काकांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर आलं, तेव्हापासून ते झोपेतसुद्धा उजव्या कुशीवर वळले नाहीत. परवाना रीतसर होता. अर्जात लिहिलं होतं, जिवाला धोका आहे. धोका कोणाचा, हे आमच्या कडा गावाच्या पंचक्रोशीत कोणालाच ठाऊक नव्हतं. काकू म्हणायच्या, "माझाच आसंल." लग्नात पंगतीला बसताना काका सदरा असा काही वर सरकवायचे, की वाढप्या पहिली जिलेबी त्यांच्याच पानात टाकायचा. दिवसातून हजार वेळा त्यांचा हात कमरेवर जाऊन यायचा. आहे ना? आहे. मला तर वाटायचं, उद्या यम आला तरी काका त्याच्या रेड्याला खाली बसवतील.

मग आमच्या भागात बिबटे दिसायला लागले आणि काकांचा हात दीड हजार वेळा जायला लागला.

त्या दिवशी सकाळी दहाच्या उन्हात काकू उसाच्या कडेला वाकून गुरांसाठी घास कापत होत्या. काका आणि मी बांधावर चहा पीत होतो. उसातून वाघरू, आमच्याकडं बिबट्याला असंच म्हणतात, बाहेर आलं. गावात सांगताना मी ते म्हशीएवढं सांगतो. तुम्हाला खरं सांगतो, कालवडीएवढंच होतं. काकूंच्या पाठीमागं, वीस पावलांवर, पोट जमिनीला टेकवून. वाकलेलं माणूस त्याला शेळीसारखं दिसतं म्हणतात. ओरडायला गेलो, तर माझा आवाज पार अंबाजोगाईला जाऊन बसलेला.

मी काकांच्या कमरेकडं पाहिलं. आता हात जाईल. हात गेले, पण डोक्याकडं. त्यांनी पटका सोडला, दोन्ही हातांत आडवा ताणला आणि पेरणीला चालावं तसं शांत चालत जाऊन काकू आणि वाघराच्या मधी उभे राहिले.

"ऊठ," मागं न बघता ते म्हणाले. "दमानं ऊठ. पळू नको."

काकू उठल्या. विळा हातात तसाच.

"काय बे," काका वाघराला म्हणाले, "वाट चुकला का?"

वाघरू बघत राहिलं. पटका एवढा रुंद झाला होता, की मला पलीकडचा ऊस दिसेना. किती वेळ गेला ते विचारू नका. माझ्या कपातल्या चहावर जाड साय धरली. मग रुसलेला पाहुणा न जेवता उठावा, तसं ते वळलं आणि उसात गेलं.

काका मटकन खाली बसले.

"आवं," काकू शेजारी बसत म्हणाल्या, "मंग कंबरंला ते कावून बांधलंय?"

काकांनी कमरेला हात लावला. होतं. कातडी पाकिटाचं बटणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"ध्यानातच न्हाई आलं," ते म्हणाले. "आन् हात कुठं मोकळे व्हते?"

काकूंनी पटका झटकला आणि आपल्या हातानं काकांच्या डोक्याला बांधला, लई वाकडा. काकांनी तो संध्याकाळपर्यंत सरळ केला नाही.

या गोष्टीतलं वाघरू मी दरवर्षी वीतभर वाढवतो. पटका मात्र होता तेवढाच ठेवलाय.