उजवा कौल

तळ्याजवळच्या आमच्या गावचा गुरव वाटेतल्या शेळीलाही हात जोडून “सरक बाई” म्हणायचा. देवळाची विहीर गावकुसाबाहेरच्या वस्तीला खुली करावी का, म्हणून गावाने त्याला देवाला कौल लावायला बसवलं. फूल देवाच्या उजव्या अंगाने पडलं. म्हणजे होकार.

“पुन्हा लाव!” खोत ओरडले.

चारदा लावलं, चारदा उजवंच.

“अरे, देव आपल्याकडं तोंड करून हाय. त्याचा उजवा तो आपला डावा!” खोतांनी नवा हिशेब मांडला.

विहीर खुली करण्याच्या मागणीची पत्रकं मी खिशात आणखी खोल सारली. गुरव मात्र उठला.

“धनी, तुमचं लय भ्या वाटतं. पन सांगनारा त्यो हाय.”

पोहरा घेऊन तो वस्तीला बोलवायला निघाला, आणि दर चार पावलांवर मागे वळून खोतांना नमस्कार करत गेला.